दूध निवल्यावर

वसुबारस आली की आमच्या घरी दोन गोष्टी नेमाने होतात. संध्याकाळी आमची मंडळी पलीकडच्या गल्लीतल्या गोठ्यात जाऊन गाय-वासराची पूजा करून येते. आणि मी माझ्या टेबलाच्या खणातून एक काचेची नळी काढतो, रुमालाने पुसतो आणि परत जागच्या जागी ठेवतो. पहिल्या गोष्टीचा अर्थ साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरीचा अर्थ घरातल्या माणसांनाही मी कधी नीट सांगितलेला नाही. मुलांना वाटते, बाबांना जुन्या वस्तूंचा नाद आहे. यंदा अंकासाठी काही लिहावे असे संपादकांनी सुचवले, तेव्हा मनात म्हटले, फराळाच्या ताटाशी बसलेल्या वाचकाला हीच हकिकत सांगावी. ती गोड नाही. पण दुधाची आहे.

ती नळी म्हणजे दूध तपासण्याचा लॅक्टोमीटर. खाली फुगीर पोट, तळाशी वजनाला बारीक छर्रे, वर निमुळती मान आणि मानेच्या आत आकड्यांची कागदी पट्टी. दुधात सोडली की ती उभी तरंगते, आणि दुधाची रेघ जिथे मानेला टेकते तो आकडा वाचायचा. यामागचे तत्त्व आर्किमिडीजच्या मुकुटाच्या गोष्टीइतके जुने आहे. दूध पाण्यापेक्षा थोडे जड असते. पाणी १ धरले तर गाईचे दूध साधारण १.०२८ ते १.०३० भरते, म्हशीचे १.०३० ते १.०३२. यांतले शेवटचे दोन आकडे नळीवर लिहिलेले असतात. दुधात पाणी मिसळले की ते हलके होते, नळी खोल बुडते आणि आकडा उतरतो. इतके सोपे. मॅट्रिकच्या पलीकडे शास्त्राशी ज्याचा संबंध आला नाही अशा माझ्यासारख्या माणसालाही ते समजते. घात नेमका तिथेच झाला.

गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडच्या एका शाळेत मी मराठी शिकवतो. डिसेंबरातला शनिवार, सकाळची शाळा. विज्ञानाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून सहावीचा त्यांचा तास माझ्याकडे आला. धडा अन्नातल्या भेसळीचा. पुस्तक वाचून दाखवावे आणि तास संपवावा असा माझा बेत होता. पण मुलांना नळी पाहायची होती. प्रयोगशाळेच्या कपाटात ती सापडली. आता दूध हवे. तोच दारातून आबा जाताना दिसले.

आबा म्हणजे आमचे गवळी. शाळेच्या मागेच त्यांचा गोठा, चार म्हशी. शिक्षकांच्या चहाचे दूध त्यांचे, आणि आमच्या घरचेही. त्यांचा नातू त्याच वर्गात दुसऱ्या बाकावर बसे. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, आमच्या आजोबांचं दूध बघू या की!" त्याच्या आवाजातला तो अभिमान मला आजही ऐकू येतो. दूध आपणहून त्याने पुढे केले होते, मी मागितले नव्हते.

आबांनी किटलीतून लांब भांड्यात दूध ओतले. "आत्ताच धार काढून थेट आणलंय गुरुजी, कोमट हाय अजून," ते म्हणाले. मी नळी सोडली. पुस्तकात शुद्ध दुधाचा आकडा २८ ते ३२ दिला होता. नळी २६ च्या खाली जाऊन थांबली.

चाळीस मुले बाकांवर उभी राहून पाहत होती. त्या क्षणी गप्प बसणे शक्य होते. "पुन्हा पाहू" म्हणणे शक्य होते. पण मास्तराला एक खोड असते. प्रश्नाचे उत्तर आपल्याजवळ तयार आहे असे दिसले की ते सांगितल्यावाचून त्याला राहवत नाही. मी हसत म्हणालो, "आबा, आज विहिरीला पाणी फार दिसतंय!"

वर्ग खदखदून हसला. आबा हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांनी भांड्यातले दूध परत किटलीत ओतले, शिक्षकांच्या खोलीत नेऊन दिले आणि ते निघून गेले. नातू बाकावर बसला आणि तास संपेपर्यंत त्याने मान वर केली नाही. मधल्या सुट्टीत त्याच दुधाचा चहा आम्ही प्यालो. चहा चांगला झाला होता, हेही मला आठवते.

सोमवारी विज्ञानाच्या बाई आल्या. मी मोठ्या फुशारकीने त्यांना प्रयोग सांगितला. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "दूध किती गरम होतं?" मग त्यांनी नळी माझ्या हातात देऊन पट्टीवरची बारीक अक्षरे वाचायला सांगितली. तिथे २७ अंश सेल्सियस असे लिहिलेले होते. ही नळी २७ अंशांवरच्या दुधासाठी आखलेली आहे. कोणताही द्रव तापला की पसरतो आणि हलका होतो. दूध जितके अंश जास्त गरम, तितक्या अंशांमागे साधारण पाव घर आकडा उतरतो. तो हिशेबाने परत मिळवायचा असतो. धारोष्ण दूध जवळजवळ म्हशीच्या अंगाइतके गरम, म्हणजे दहा-अकरा अंश अधिक. शिवाय नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बुडबुडे असतात, त्यातला स्निग्धांश आळलेला नसतो. ते काही वेळ ठेवल्यावरच त्याचा खरा आकडा येतो. थोडक्यात काय, दूध जितके ताजे तितके ते या नळीपुढे गुन्हेगार!

बाई पुढे म्हणाल्या ते अधिकच बोचणारे होते. साय दुधापेक्षा हलकी. ती काढून घेतली की खालचे दूध जड होते आणि आकडा वर चढतो. मग त्यात बेताने पाणी घातले की आकडा बरोबर ३० वर येऊन बसतो. म्हणजे साय काढून पाणी घालणारा या परीक्षेत पहिला येतो, आणि धार काढून धावत आणणारा नापास होतो.

"मग ते दूध पुन्हा तपासू या," मी म्हणालो.

"कुठलं? शनिवारचं ना? त्याचा तर तुम्ही चहा केलात."

वाचकहो, माझी झोप उडवली ती या वाक्याने. आबांच्या त्या दिवशीच्या दुधात पाणी होते की नव्हते, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हते. नसावे, असे मला वाटते. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे. मी त्यांच्यावर आळ घेतला होता, आणि तो खोटा ठरवण्याचे एकमेव साधन गाळणीतून गाळून पिऊन टाकले होते.

आता मी काय करायचे? क्षमा मागावी, तर कशाची? त्यांनी पाणी घातले नव्हते हे मला सिद्ध करता येत नव्हते. गप्प राहावे, तर नातू रोज दुसऱ्या बाकावर बसत होता, आणि एव्हाना मुलांनी त्याचे नाव 'पाणी' ठेवले होते. आबांनी दूध बंद केले नाही. ते रोज येत, माप घालीत, आणि माझ्याकडे न पाहता जात.

त्याच सुमारास नाताळच्या सुट्टीत मी सांगलीला वडिलांकडे गेलो. माहुलीला वेण्णा पोटात घेऊन कृष्णा पुढे सांगलीच्या घाटाला लागते. लहानपणी मला वाटे की साताऱ्यातले सारे बरे-वाईट वाहत वाहत शेवटी सांगलीच्या घाटावर येते. वडिलांनी सारा जन्म तिथल्या हळदपेठेत एका अडतीवर दिवाणजी म्हणून काढला होता. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण तिचे नाव त्याच्या कितीतरी आधीपासून देशभर होते, आणि जिथे नाव असते तिथे नकली माल येतोच.

मी वडिलांना सारे सांगितले आणि शेवटी म्हणालो, "मला वाटतं, या नळ्या आणि पट्ट्या फेकून द्याव्यात. माणसानं माणसावर विश्वास ठेवावा."

वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्यांच्या अडतीवरची एक आठवण सांगितली. हळद पिवळीधमक दिसावी म्हणून काही लोक भुकटीत मेटॅनिल यलो नावाचा रंग घालतात. तो पोटाला वाईट. तो ओळखायचा तर हळद पाण्यात कालवून त्यात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. रंग असला तर पाणी जांभळट गुलाबी होते. एकदा एका खरेदीदाराच्या नव्या कारकुनाने हा प्रयोग भर दुकानात केला. पाणी गुलाबी झाले. कारकून ओरडला, "माल खोटा आहे!" माल आणणारा शेतकरी पांढराफटक पडला. तेव्हा गादीवरचे म्हातारे शेठ म्हणाले, "पोरा, त्यात साधं पाणी घाल." पाणी घातल्याबरोबर गुलाबी रंग नाहीसा झाला. अस्सल हळदसुद्धा तीव्र आम्लात तसा रंग दाखवते. पण पातळ केल्यावर तो जातो. भेसळीचा रंग टिकतो. परीक्षा दोन पायऱ्यांची होती, आणि कारकून पहिल्याच पायरीवरून ओरडला होता.

"पण परीक्षा टाकून दिली नाही आम्ही," वडील म्हणाले. "तू म्हणतोस विश्वास. अरे, नुसत्या विश्वासावर पेठ चालायची तेव्हा कुणाचा माल खपायचा? ज्याची जीभ गोड त्याचा. ज्याची ओळख मोठी त्याचा. खेड्यातून पहिल्यांदा गाडी घेऊन आलेल्या माणसाला कोण ओळखतंय? त्याच्या बाजूनं बोलणारा एकच साक्षीदार, त्याचा माल. त्या मालाला बोलायला लावायचं म्हणजे परीक्षा. तीच नको म्हटलीस तर त्या गरिबाचा साक्षीदारच तू घालवलास."

मी निरुत्तर झालो. पुढे वाचनात आले की दुधाच्या बाबतीत हेच जगभर घडले आहे. अमेरिकेत दूध नुसते मापाने विकत घेत, तेव्हा पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला सारखेच पैसे मिळत. शहाणा कोण, हे सांगायला नको. १८९० साली विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या स्टीफन बॅबकॉक यांनी दुधातला स्निग्धांश आम्लाने मोकळा करून मोजण्याची सोपी रीत काढली, आणि दाम कसाप्रमाणे देता येऊ लागला. त्या गृहस्थांनी तिचा हक्क स्वतःच्या नावे राखून ठेवला नाही. ती साऱ्यांना खुली ठेवली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या गर्बर यांनी काढलेली रीत पुढे आपल्याकडच्या डेऱ्यांत रुळली. आज सातारा-सांगलीकडच्या कोणत्याही खेड्यात दूध संस्थेच्या दारात उभे राहा. गायीच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा दराचा पाया पोराटोरांना पाठ असतो. "आज फॅट किती लागली?" हा प्रश्न तिथे "काय, बरं आहे ना?" इतक्या सहजपणे विचारतात. परीक्षेने त्यांचा अपमान होत नाही. तो होतो परीक्षा चुकली आणि कुणी ऐकूनच घेतले नाही की.

त्या रात्री वडिलांची जुनी परीक्षाही मला आठवली. त्यांना मधुमेह. मी शाळेत होतो तेव्हा आठवड्यातून एकदा ते मोरीत स्पिरिटचा दिवा लावून बसत. काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण, त्यात लघवीचे ८ थेंब, आणि मग उकळी. निळे राहिले तर उत्तम. हिरवे, पिवळे, नारिंगी असे चढत विटकरी झाले तर घरात दिवसभर शांतता. साताऱ्याहून आत्या कंदी पेढे आणी. परीक्षेआधी दोन दिवस वडील पेढ्याला शिवत नसत. निळा रंग आला की डबा उघडे! नंतर डॉक्टरांनी समजावले की रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत उतरतच नाही. निळा रंग म्हणजे साखर बांधावरून वाहिलेली नाही, एवढेच. बांधाच्या आत ती किती साचली आहे हे तो सांगत नाही. पुढे मागच्या दोन-तीन महिन्यांची हजेरी मांडणारी रक्ताची तपासणी आली, आणि वडिलांचे दोन दिवसांचे पथ्य उघडे पडले. ते स्वतःच हसले.

काचेची नळी असो, आम्लाचे थेंब असोत की उकळते द्रावण असो, ती आपल्याला एक लहानसे खरे सांगते. या घटकेला, इतक्या उष्णतेला, या थेंबांत अमुक इतके आहे. तिचे बोलणे तिथे संपते. "म्हणून हा माणूस लबाड आहे" हे वाक्य नळी म्हणत नाही. ते आपण म्हणतो, आणि नळीच्या नावावर खपवतो. माझ्या वर्गात नळीने सांगितले होते की हे दूध हलके आहे. ते शंभर टक्के खरे होते. विहिरीची गोष्ट माझी होती.

म्हणून मला वाटू लागले की ज्याची परीक्षा होते त्याच्याहून परीक्षा घेणाऱ्यावर अधिक जबाबदारी असते. हातातले साधन कुठे चुकते, हे त्याला ठाऊक असले पाहिजे. समोरचा माणूस काय सांगतो, हे त्याने ऐकले पाहिजे. आबांनी तर "कोमट हाय अजून" असे चुकीचे कारणच माझ्या हातात ठेवले होते, आणि मी ते बडबड म्हणून सोडून दिले. आणि थोडे दूध राखून ठेवले पाहिजे. आपला २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदाही अधिकाऱ्याला नमुन्याचे चार भाग करायला सांगतो, म्हणजे पहिल्या निकालावर कुणाला शंका आली तर पुन्हा तपासायला काहीतरी शिल्लक असावे. आपली चूक होऊ शकते, हे सरकारी कायद्याला कळते. ते मला कळले नव्हते.

आणि क्षमा कशाची मागायची, याचेही उत्तर मिळाले. आबा निर्दोष होते म्हणून मागायची नव्हती. ते मला ठाऊकच नव्हते. मी चुकीच्या रीतीने न्याय केला, याची मागायची होती. उद्या एखादा खरोखर पाणी घालणारा निघाला, तरी त्यालासुद्धा निवलेल्या दुधाची परीक्षा मागण्याचा हक्क आहे.

साताऱ्याला परतल्यावर एका संध्याकाळी मी आबांच्या गोठ्यात गेलो. जे सांगायचे ते सांगितले. ते म्हशीला वैरण घालीत होते; ऐकत राहिले. मग त्यांनी आतून सकाळचे दूध एका भांड्यात आणून माझ्यापुढे ठेवले. "आणलीय का नळी? मोजा." नळी माझ्या पिशवीत होती; बाजारातून मी माझी स्वतःची विकत घेतली होती. मी सोडली. ती ३० वर थांबली. माझा चेहरा उजळला असावा, कारण आबा म्हणाले, "हे आजचं झालं गुरुजी. त्या दिसाचं त्या दिसासंगं गेलं."

त्यात राग नव्हता. पण सूटही नव्हती, आणि ती त्यांनी द्यावी असे मागण्याचा मला अधिकार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सहावीच्या वर्गात मी तोच प्रयोग दोनदा केला, एकदा कोमट दुधावर आणि एकदा तेच दूध निवल्यावर. दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले आणि त्यांच्याखाली लिहिले, "गुरुजी चुकले." मुलांना मौज वाटली. नातू पाहत होता; त्याने काही म्हटले नाही. 'पाणी' हे नाव पुढेही वर्षभर अधूनमधून ऐकू येई. हसण्याने लागलेला डाग फळ्यावरच्या अक्षरांनी सहजासहजी पुसत नाही.

आबा आता नाहीत. तो नातू आता वीस वर्षांचा आहे आणि शहराबाहेरच्या एका गावात दूध संकलन केंद्रावर काम करतो. गेल्या वर्षी वसुबारशीच्या सकाळी मी त्या बाजूने चाललो होतो म्हणून थांबलो. रांग होती. एका बाईच्या दुधाची फॅट यंत्राने फार कमी दाखवली. मागचे दोघेतिघे हसले. त्या पोराने पावती फाडली नाही. "थांबा मावशी," तो म्हणाला. त्याने किटलीतले दूध डावाने तळापासून चांगले हलवले, कारण साय वर येते आणि नमुना खालून घेतला की कस कमी दिसतो. नवा नमुना घेतला, यंत्र मावशींकडे वळवले आणि आकडा त्यांनाच वाचायला सांगितला. आकडा वाढला होता. फार नाही, पण वाढला होता. मागच्यांचे हसू थांबले.

मग त्याने मला पाहिले, आणि नमस्कार केला. आम्ही दोघेही त्या जुन्या शनिवारबद्दल बोललो नाही. रांगेतल्या पुढच्या माणसाची किटली त्याने पुढे ओढली, आणि मी घराकडे निघालो.